दुरुस्त होत नाही

"काका, हा सोडून द्या. नवाच घेऊन घ्या." नागपूरला सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानदाराने मला असा सल्ला दिला. त्याच्यापुढे टेबलावर उघडून ठेवलेला व्हिडिओगेम आमच्या घरातला होता आणि २००६ च्या पावसाळ्यापासून बंद होता.

सल्ला देण्याआधी त्याने यंत्र मनापासून तपासले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. मीटरच्या दोन सुया इकडेतिकडे टेकवून त्याने मला दाखवले की ॲडॉप्टरमधून नऊ व्होल्ट येतात, पण आतल्या तीन पायांच्या रेग्युलेटरमधून जे पाच व्होल्ट बाहेर पडायला हवेत तिथे शून्य आहे. हा रेग्युलेटर ७८०५ क्रमांकाचा, दहा-वीस रुपयांचा. तो बदलायचा, फुगलेले दोन कपॅसिटर बदलायचे, कॅसेटच्या खाचेतल्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज काढायचा, रिमोटच्या बटणांखालचे झिजलेले रबर मिळाले तर घालायचे. सगळे मिळून साडेतीनशे. नवा सातशेला, त्यात कॅसेटसुद्धा लागत नाही, चारशे खेळ आतच भरलेले.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की वस्तू टाकावी, असा एक ढोबळ हिशेब आमच्या घरात चालत आलेला आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा यांचे निकाल त्यावर लागले. इथे आकडा नेमका निम्मा आला. मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि निघालो. सातशे रुपयांच्या वस्तूसाठी एक रात्र मागून घेणारा म्हातारा त्याने याआधी पाहिला नसावा.

यंत्राविषयी थोडे सांगतो, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ च्या जुलैत 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळाचे यंत्र जपानात विक्रीला आणले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही जे घरोघर पोहोचले, ते बहुतांशी त्या यंत्राची नक्कल होते. आमचा नमुना तर दुहेरी नक्कल. बाहेरून तो सोनीच्या प्लेस्टेशनसारखा दिसे, त्याला वर तसेच गोल झाकणही होते, आणि झाकण उघडले की तबकडीच्या जागी जुन्या पद्धतीची कॅसेट खोचायची खाच निघे! कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले. प्रत्यक्षात खेळ पंधरा-वीस, तेच फिरून फिरून निरनिराळ्या नावांनी. कंपनीचे नाव कुठेच नाही. मूळ यंत्रात वेगवेगळ्या चिप होत्या. नकलेत सगळा कारभार एका ठिकाणी आणि त्यावर डांबरासारखा दिसणारा इपॉक्सीचा काळा थेंब. त्या थेंबाखालचे बिघडले तर जगातला कोणताही कारागीर काही करू शकत नाही. थेंबाच्या बाहेरचे बिघडले तर खेडेगावातला रेडिओ दुरुस्त करणाराही करू शकतो. आमचा बिघाड थेंबाच्या बाहेरचा होता. हे मला सीताबर्डीत कळले नाही. २००६ सालीच कळले होते.

२००५ ते २००८ मी भामरागड तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. बिऱ्हाड हेमलकशाला. आलापल्लीहून सुमारे साठ किलोमीटर सागाच्या जंगलातून जावे तेव्हा हेमलकसा येते, आणि तिथून थोडे पुढे पर्लकोटा ओलांडली की भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तिथे संगम आहे. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे दाबले जाई, पूल बुडे, आणि भामरागड तुटे. आमच्या बाजूला आलापल्लीच्या वाटेवरचे नाले चढले की आम्हीही तुटत असू. अशा वेळी नागपूर काय आणि न्यूयॉर्क काय, सारखेच लांब.

हेमलकसा म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे लोकबिरादरी प्रकल्पच येणार, आणि ते साहजिक आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तो सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दिव्याच्या उजेडात शस्त्रक्रिया केल्या, १९७६ मध्ये शाळा निघाली, तिच्यातून शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर आणि वकील झाली. माझा प्रकल्पाशी संबंध शेजाऱ्याचा, एवढाच. मात्र आमच्याकडे मुक्कामाला येणारे पाहुणे तो पाहायलाच येत, आणि त्यांना घेऊन जाण्याचे काम माझे असे. बिबट्यांच्या पिंजऱ्यांपाशी त्यांना उभे करून मी प्रकल्पाची हकिगत सांगायचो. त्यातला एक भाग मी विशेष रंगवून सांगे: सुरुवातीला लोक दवाखान्याकडे फिरकत नसत, तेव्हा या दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, काय हवे ते लोकांनाच विचारता आले पाहिजे म्हणून. पाहुणे माना हलवत.

व्हिडिओगेम आम्ही २००५ च्या दिवाळीत नागपुरात घेतला, साडेचारशे रुपयांना. मुलगा नऊ वर्षांचा होता, नागपूर सुटल्यामुळे रुसलेला होता, आणि आपण त्याला इथे आणून टाकले या भावनेने मी आणि त्याची आई दोघेही जरा वाकलेलो होतो. चौदा इंची टीव्ही होता, छपरावर दूरदर्शनच्या फुकट वाहिन्यांची तबकडी होती. विजेचा दाब इतका कमी की संध्याकाळी टीव्हीवरचे चित्र चारी बाजूंनी आक्रसून बसे. त्या आक्रसलेल्या चित्रात मुलगा एकटा खेळत बसे.

एकटा बसला तो फार तर आठवडाभर. शेजारच्या घरातला मुलगा माझ्याच वर्गात होता, आमच्या मुलाहून वर्षभराने मोठा. तो आधी दारात उभा राहिला, मग उंबऱ्यावर बसला, मग दुसरा रिमोट त्याच्या हातात गेला. त्याचे मराठी वर्गातल्यापुरते, आमच्या मुलाला माडिया शून्य. शिक्षक म्हणून मी त्या दिवसांत भाषेच्या अडचणीने टेकीस आलो होतो. पहिलीत बसणाऱ्या मुलाला जी भाषा घरी कधी ऐकू आलेली नाही, त्या भाषेत मी त्याला 'कमळ' आणि 'बदक' शिकवत होतो. इकडे माझ्या घरात दोन मुले कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय एकमेकांशी बोलू लागली होती. कारण रणगाड्यांचा खेळ. तो मूळचा नामको कंपनीचा, १९८५ चा. दोघांनी मिळून विटांच्या भिंतीआडचे गरुडाचे चिन्ह सांभाळायचे, शत्रूचे रणगाडे उडवायचे. आपली गोळी चुकून जोडीदाराला लागली तर तो काही क्षण जागीच थिजतो, आणि आपलीच गोळी गरुडाला लागली तर डाव संपतो. म्हणजे शत्रूपेक्षा जोडीदाराला समजावणे महत्त्वाचे. 'थांब', 'तिकडून', 'मार', 'अरे मला नको' हे सगळे दोन्ही भाषांत महिनाभरात आले. शिव्याही आल्या असाव्यात, त्या माझ्यापर्यंत पोहोचल्या नाहीत.

शेजारच्याचा स्वतःचा आवडता खेळ मात्र रणगाड्यांचा नव्हता, गाडीचा होता. वरून दिसणारा सरळसोट रस्ता, त्यावरून पळणारी लाल गाडी, आडवी येणारी वाहने चुकवायची आणि पेट्रोल संपायच्या आत टप्पा गाठायचा. कॅसेटमध्ये बदके मारायचा खेळही होता, त्याची प्लास्टिकची बंदूकही होती. आलेला प्रत्येक पाहुणा ती बंदूक हौसेने त्याच्या हातात देई, 'तुझा तर नेम चांगला असेल' म्हणून. तो सभ्यपणे दोन बदके पाडी आणि गाडीकडे परत येई. या खेळात तो आमच्या मुलापेक्षा सरस होता. वर्गात मागे बसणारा, नाव घेतले की मान खाली घालणारा हा मुलगा माझ्या घरात माझ्या मुलाला 'हळू घे, हळू घे' असे शिकवत असे. हे मी पाहिले होते. पाहून त्याचा विचार केला नव्हता.

२००६ च्या जुलैत एका रात्री वीज गेली आणि परत येताना जोराचा झटका देऊन आली. बल्ब गेला, टीव्ही वाचला, व्हिडिओगेमचा लाल दिवा लागेना. नाले भरलेले, दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता.

पुढचे तीन महिने दोन्ही मुले बाहेर होती. नाल्यात बांबूच्या टोपल्या लावून मासे धरणे, खेकड्यांची बिळे, बेचकी, रानातली मशरूम. (कोणते खायचे आणि कोणते नाही हे आमच्या मुलाला अजूनही अचूक सांगता येते. बंगळूरला त्याचा उपयोग नाही.) मुलगा काळवंडला, काटक झाला, माडिया बोलू लागला. मी हरखून गेलो. पुण्याच्या एका मित्राला मी लांबलचक पत्र लिहिले. खेळण्याचा डबा बंद पडला आणि माझ्या मुलाला जंगल सापडले, असा त्याचा सूर होता. पत्र मित्राला इतके आवडले की त्याने ते चारचौघांत वाचून दाखवले. आता ते पत्र माझ्याजवळ नाही याचा मला आनंद आहे.

त्या पत्रात शेजारचा मुलगाही होता. तो जंगलाचा भाग म्हणून होता. त्याला नाला, मासे, खेकडे नवीन नव्हते. त्याचे ते रोजचेच होते. माझ्या मुलाला त्या तीन महिन्यांत जे मिळाले ते त्याच्याजवळ आधीपासून होते आणि त्याच्याजवळ जे नव्हते ते त्याच तीन महिन्यांत बंद पडले होते. इतका सोपा हिशेब त्या पत्रात मला मांडता आला नाही. माझी समजूत अशी होती की इथल्या मुलांना असल्या वस्तूंची गरज नसते. शहरातून आलेला प्रत्येक माणूस हे वाक्य हेमलकशाला पहिल्या दिवशी उच्चारतो. मला तिथे वर्ष झाले होते, तरी मी ते उच्चारत होतो.

ऑक्टोबरमध्ये वाट मोकळी झाली. पगाराच्या कामासाठी आलापल्लीला निघालो तेव्हा दोघांनी यंत्र पिशवीत घालून माझ्या हातात दिले. खरे म्हणजे दिले शेजारच्याने. आमचा मुलगा तोवर खेकड्यांच्या नादात होता. कॅसेट बरोबर न्यायची की नाही यावर त्याने बराच विचार केला आणि 'पाहायला लागेल' म्हणून तीही घातली.

आलापल्लीच्या रेडिओ-टीव्हीवाल्याने झाकण काढले आणि पाच मिनिटांत सांगितले, "गुरुजी, काळा ठिपका गेला नसन तर होऊन जाते. हा तीन पायाचा जळला. माझ्याजवळ नाही, चंद्रपूरवरून मागवतो. आठ दिवस ठेवा. साठ रुपये."

साठ रुपये माझ्याजवळ होते. आठ दिवसांनी मी पुन्हा येणारही होतो. समोर तो तीन पायांचा जळका तुकडा दिसत होता, माणूस विश्वासाचा होता. आणि मी यंत्र पिशवीत परत घातले. "राहू द्या, पाहू नंतर," असे काहीतरी म्हणालो. परतीच्या एसटीत मला अपराधी वाटले नाही, उलट एक चांगला बाप होऊन आपण घरी चाललो आहोत असे वाटले.

अंगणात दोघे वाट पाहत होते. मी म्हणालो, "दुरुस्त होत नाही."

आमच्या मुलाने 'बरं' म्हटले आणि तो गेला. शेजारच्याने पिशवी घेतली, यंत्र बाहेर काढून उलटे केले, चारही स्क्रू पाहिले. उघडलेल्या स्क्रूवर नवे ओरखडे असतात. मग पुन्हा पिशवीत घालून त्याने ते मला परत दिले. नंतरच्या महिन्यांत तो आमच्या घरात येईनासा झाला. दोघे बाहेर भेटत, नाल्यावर जात. घरात येण्याचे कारणच राहिले नाही, अशी मी त्याची संगती लावली. २००८ मध्ये माझी बदली झाली. सामानात ते यंत्र आले, ते का आले हे मला सांगता येत नाही. टाकून द्यायला काहीच हरकत नव्हती. दुरुस्त होत नव्हते ना!

असो. घराच्या डागडुजीसाठी माळा रिकामा केला तेव्हा पिशवी सापडली. मुलाला छायाचित्र पाठवले. त्याचे उत्तर आले: 'टाका.' मग एक हसरा चेहरा, मग दहा मिनिटांनी: 'तो काय करतो हल्ली?'

मी यंत्र घेऊन सीताबर्डीला गेलो ते नेमके कशासाठी, हे दुकानात जाईपर्यंत स्पष्ट नव्हते. साडेतीनशे की सातशे हा प्रश्न समोर आला तेव्हा जाणवले की मला ते दुरुस्तच करायचे होते. नवे नको होते. मनात एक चित्र तयार होते: जुनेच यंत्र, तोच ओरखडा, तीच कॅसेट, चालू अवस्थेत, आलापल्लीच्या एसटीत पार्सल म्हणून ठेवलेले. दुरुस्तीच्या बाजूने बोलायला हल्ली मुद्द्यांचीही वाण नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाले, त्याआधी २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ काढले. वस्तू टिकवावी, फेकू नये, हे आता शहाणपणाचे बोलणे मानले जाते, आणि ते आहेही. पण त्या रात्री मी स्वतःला विचारले की यातले किती वस्तूसाठी आणि किती माझ्यासाठी. दुरुस्त झालेले यंत्र पाहून बरे कोणाला वाटणार होते?

शिवाय दुरुस्ती यंत्राची होते, भोवतालची होत नाही. बदके मारायची ती बंदूक घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशाचा डोळा तो टिपतो. हे गणित काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीशी बांधलेले आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटते, म्हणून तीच बंदूक तिथे आंधळी ठरते. बंदुकीत काही बिघडलेले नसते.

सकाळी एका जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवला आणि फोन केला. आवाज ओळखू आला नाही, येण्याचे कारणही नव्हते. तो आता आलापल्लीला राहतो, कंत्राटी नोकरी करतो, त्याला दोन मुले आहेत. माझ्या मुलाची चौकशी त्याने माडियात केली आणि मला कळले नाही म्हणून पुन्हा मराठीत केली. तीन वर्षे तिथे राहून मी ती भाषा शिकलो नव्हतो.

मी म्हणालो, "तो व्हिडिओगेम आठवतो का रे?"

"कारवाला?"

"हो. मी तेव्हा खोटं बोललो होतो. तो दुरुस्त होत होता."

"माहीत आहे न गुरुजी."

आठवीला तो आलापल्लीला वसतिगृहात आला तेव्हा त्याने त्या रेडिओवाल्याचे दुकान शोधून काढले होते आणि विचारले होते की गुरुजींचा गेम का दुरुस्त झाला नाही. रेडिओवाल्याने सांगितले, साठ रुपयांत होत होता, पण गुरुजी परत घेऊन गेले.

"मग तुला काय वाटलं?" मी विचारले. विचारायला नको होते, पण विचारले.

तो थोडा थांबला. "आमाले वाटलं का आमी पोट्टे रोज घरात येऊन बसतो, ते तुमाले पसंत नसन. मॅडमले त्रास होत असन. म्हणून आलो नाही मंग." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे त्याने सांगितले.

मी माझी बाजू सांगू लागलो. नाला, मासे, मुलाचे बदलणे, आपल्याला किती बरे वाटले ते. बोलताना ऐकू येत होते की पुण्याला लिहिलेले तेच पत्र मी पुन्हा वाचतो आहे. मधेच थांबलो. त्यानेही 'हो, हो' म्हणून ते संपवले.

मग मी त्याला विचारले, "इथे दुकानदार म्हणतो जुना साडेतीनशेत दुरुस्त होईल, नवा सातशेला आहे. तुझ्या पोरांसाठी पाठवायचा आहे. तुला हवा असेल तर. कोणता पाठवू?"

"जुना कायले, गुरुजी? त्याचं उजवीकडचं बटन अडकत होतं. कार ठोकून जाये. नवाच घ्या न." आणि जरा थांबून, "त्याच्यात कार आहे का पाहून घ्या मात्र."

दुपारी सीताबर्डीला गेलो. दुकानदाराने नवा डबा फोडून समोरच्या टीव्हीला लावला. चारशे खेळांची यादी एका वेळी आठ-दहा नावे अशी वर सरकत होती, आणि खेळांची नावे नकलेच्या परंपरेला धरून मनाला येतील तशी बदललेली होती, त्यामुळे नावावरून काही कळेना. एकेक उघडून पाहावा लागला. दुकानदाराने मला स्टूल दिले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कार तीन वेळा निघाली, तीन निरनिराळ्या नावांनी. तिन्ही वेळा मी उजवीकडचे बटण दाबून पाहिले.